अँग्लिकन मंडळी आणि अनगोळकर मंडळी

माझं नाव शांतवन भरमा मधाळे. निपाणीत तंबाखूच्या एका वखारीत मी टंकलेखक होतो, आणि मला इंग्रजी येतं असा गावात समज होता. तो मी पसरवला नव्हता, पण कुणी पसरवत असेल तर आडही आलो नव्हतो. आमचे मालक बाबगोंडा अण्णा बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना पत्रं सांगायचे ती निम्मी मराठीत, निम्मी कानडीत. मी ती इंग्रजीत टंकायचो. माल, नमुना, ओल, वजन आणि खाली 'आपला विश्वासू' एवढ्यात माझी सगळी इंग्रजी मावत होती. तेवढ्या भांडवलावर मी दर रविवारी कोट घालून देवळात पुरुषांच्या बाजूला पहिल्या बाकावर बसायचो.

देऊळ म्हणजे आमचं चर्च. वखारींच्या मागच्या गल्लीत, कौलारू, बुटकं. तंबाखूच्या हंगामात तिकडून वारा आला की अर्धी उपासना शिंकण्यात जायची. नवीन आलेल्या पाळकाला प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांचे डोळे पाणावलेले दिसायचे आणि आपल्या उपदेशाबद्दल त्याचं मत फार चांगलं व्हायचं. आम्ही खरं कारण सांगत नसू.

इंग्रजी आमच्या घरात आणली ती वडिलांनी. ते मिशनच्या बंगल्यावर माळी होते आणि साहेबाकडून 'गुड मॉर्निंग' शिकले होते. ते संध्याकाळीही तेच म्हणत. साहेबाला बारमाही सर्दी होती, त्यामुळे इंग्रजी नाकातूनच बोलायची असते अशी वडिलांची पक्की समजूत झाली, आणि इस्टेट म्हणून त्यांनी मला दिली ती एवढीच. मी ती जपली. पुढं जे घडलं त्याला हे नाकही थोडं जबाबदार आहे.

माझं लग्न अनगोळच्या जयाबाईशी झालं. बेळगावच्या कडेला अनगोळ. तिथं माझे सासरे सत्याप्पा राहायचे, एका कारखान्यात लेथवर काम करायचे. साधी, कामसू माणसं. त्यांच्यात असा इंग्रजी बोलणारा जावई गेला म्हणून ती धन्य झाली असतील अशी माझी कल्पना होती. जयाबाईची कल्पना वेगळी होती. मी जेवताना 'सॉल्ट' मागितलं की ती पाणी आणून ठेवायची. तिला समजत नव्हतं असं नाही.

मग मेहुण्याचं लग्न आलं. मी वधूवरांना इंग्रजीत आशीर्वाद द्यायला भाषण पाठ करून गेलो होतो. मला कुणी बोलावलंच नाही. वर आणखी फेटा बांधताना पिरनवाडीच्या धाकट्या साडूला आधी बांधला आणि मला नंतर. झालं. मी रुसलो. जावई रुसला की सासरच्यांनी समजूत काढायची ही आपली रीत, म्हणून मी रीतसर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. सासरे ताट घेऊन आले, "जावयबापू, चला जेवाय," म्हणाले. मी नको म्हणालो. दुसऱ्यांदा विचारतील तेव्हा हो म्हणायचं असं मी ठरवलं होतं. दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. पंगती उठत होत्या, पाणी कमी पडलं होतं, त्यांना शंभर कामं होती. शेवटी मीच मांडवात जाऊन जयाबाईला म्हणालो, "ऊठ, चल घरी."

"जेवून जाऊया की," ती म्हणाली.

"आत्ता. नाहीतर कधीच नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि पंगतीत बसली.

मी एकटाच एस.टी.नं निपाणीला आलो, उपाशी. त्याला दीड वर्ष होत आलं होतं. आई, म्हणजे तानीबाई, रोज म्हणायची, "जा रं, जाऊन घिऊन ये तिला." मी म्हणायचो, बोलावणं येऊ दे. तिकडं अनगोळात ते म्हणत होते, न्यायला येऊ देत. मला ती परत यायला हवी होती. वखारीतून घरी येताना गल्लीच्या तोंडाशी माझे पाय जड व्हायचे, आणि तरीही आधी मी जायचं म्हटलं की फेटा आठवायचा. देवळातल्या सगळ्यांना हे माहीत होतं. कुणी तोंडावर बोलत नसे, इतकी माणसं चांगली होती.

अठ्ठ्याहत्तर सालच्या मार्चात आमचे पाळकसाहेब बेळगावहून महिन्याच्या फेरीला आले. त्यांची मातृभाषा कानडी. मराठी ते सावकाश, चाचपडत बोलायचे. त्यांनी बातमी आणली की आपल्या धर्मप्रांतानं इंग्लंडमधल्या एका धर्मप्रांताशी नातं जोडलं आहे. ते लोक अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या चर्चचे. ते आपल्यासाठी प्रार्थना करणार, आपण त्यांच्यासाठी, आणि अधूनमधून येणं-जाणं ठेवायचं. पुढच्या महिन्यात त्यांच्यातले एक म्हातारे पाळक, पेनरोझ साहेब, निपाणीला येणार होते. हे सगळं त्यांनी उपासनेत कानडीतून सांगितलं. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मधाळे, मराठीत तुमीच इंट्रोड्यूस माडरी." म्हणजे या अँग्लिकन लोकांची ओळख मराठीतून मी करून द्यायची.

मी आठवडाभर तयारी केली. पाळकसाहेबांनी दिलेल्या इंग्रजी कागदावर 'पार्टनर' असा शब्द होता. निपाणीत पार्टनर म्हणजे भागीदार, आणि भागीदार म्हटलं की लोकांना वखारीच्या मधोमध भिंत घालणारे दोघे सख्खे भाऊ आठवतात. तो शब्द मी टाकून दिला. त्याऐवजी 'सोयरीक' हा शब्द सुचला तेव्हा मी स्वतःवर इतका खूश झालो की टंकयंत्रावर तो इंग्रजी अक्षरांत एकदा बडवूनही बघितला. आणि चर्चला तर आपल्यात मंडळी म्हणतातच. अँग्लिकन मंडळी. ऐकायला किती भारदस्त! नवरा आपल्या बायकोलाही मंडळीच म्हणतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही. ज्याची मंडळी दीड वर्ष माहेरी आहे त्याच्या तरी ते ध्यानात यायला हवं होतं.

पुढच्या रविवारी मी उभा राहिलो. पाळकसाहेबांनी इंग्लंडचं सगळं सांगूनच ठेवलं होतं, म्हणून मी थेट भावनेलाच हात घातला.

"बंधुभगिनींनो," मी म्हणालो, आणि पुढचा शब्द इंग्रजी असल्यामुळे तो नाकातून काढला, "अँग्लिकन मंडळीशी आपली सोयरीक आहे. ती जुनी आहे. इतके दिवस ही मंडळी आपल्यापासून दूर राहिली. चूक कुणाची, हे आता उकरायचं नाही. मधे पाणी कितीही असो, मनं जवळ पाहिजेत. ती मंडळी आपल्यासाठी रोज प्रार्थना करते. आपण किती जण त्यांच्यासाठी करतो? मी स्वतः केली नाही, हे मान्य करतो. आता त्यांच्यातली वडीलधारी माणसं आपल्या दारात येणार आहेत. आपणच आधी हात पुढं केला पाहिजे."

बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला. मी तिकडं बघितलं तर माझी आई पदर तोंडाला लावून बसलेली, आमच्या समोरच्या घरातली मालुबाई तिच्या पाठीवरनं हात फिरवतेय, आणि सगळ्या बाया माझ्याकडे कधी नव्हे अशा मायेनं बघताहेत. शिंका नव्हत्या, वारा दुसरीकडचा होता. माझ्या वक्तृत्वाचा हा परिणाम बघून मला स्वतःलाही गहिवर आला आणि मी शेवटची दोन वाक्यं गाळून खाली बसलो. त्याच दोन वाक्यांत इंग्लंडचं नाव होतं.

बायकांच्या बाजूला पंखा होता आणि तो खडखडायचा. त्या खडखडाटातून आणि माझ्या नाकातून 'अँग्लिकन' तिकडं पोचलं ते 'अनगोळकर' होऊन. पाळकसाहेबांची कानडी पुरुषांना बाजारामुळे नीट कळली होती. बायकांना कुणीतरी पाव्हणे येणार एवढंच कळलं होतं. म्हणजे आमचं देऊळ मधल्या वाटेनं दुभंगलं. उजवीकडे इंग्लंडचा साहेब येणार होता आणि डावीकडे माझे सासरे. पण हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या घरचा विषय नाजूक, म्हणून बाया माझ्यासमोर गप्प व्हायच्या, आणि पुरुषांशी त्याबद्दल बोलायचा प्रश्नच नव्हता.

तयारी सुरू झाली. आमचे पंच भीमाप्पा यांनी बिस्किटांचा डबा आणि फुलाफुलांच्या कपबशा जमवल्या. आई म्हणाली, "बिस्किटं कुनाला? मटान घालाय पायजे. लई दिसांनी यायला लागल्यात."

"आई, त्यांना तिखट सोसायचं नाही."

"त्येनी? तुज्यापक्षा तिखट खात्यात त्येनी. मला नगं शिकवू."

आईचं हे जागतिक ज्ञान बघून मी चकित झालो. पण मटण कुणाला नको असतं, म्हणून वाद घातला नाही. तिनं घर सारवलं, माझ्या लग्नातली सतरंजी काढली. मी म्हणालो, "घरी कशाला? ते देवळातच थांबतील."

"देवळात ऱ्हायाला काय झालंय? घर हाय की आपलं." आणि मग डोळे पुसत, "शांतू, तू मोटा झालास रं."

मी चाळिशीकडे झुकलो होतो. तरी मला बरं वाटलं.

आईनं मला न विचारता आणखी एक काम केलं होतं. रवळू म्हणून आमच्या ओळखीचा कंडक्टर निपाणी-बेळगाव गाडीवर होता. त्याच्याकडून तिनं अनगोळला निरोप धाडला, की शांतवननं भर देवळात उभं राहून सगळ्यांसमोर चूक कबूल केली, हात पुढं केला, आता तुम्ही रविवारी या. सासऱ्यांनी उलट निरोप पाठवला, येतो.

साहेब येणार होते त्या रविवारी मी आमच्या मालकांच्या, अण्णांच्या, थोरल्या मुलाचा सूट मागून आणला होता. तो माझ्याहून उंच असल्यामुळे हात पुढं केला की फक्त बोटांची टोकं दिसायची. गळ्यात टाय, हातात निशिगंधाचा मोठा हार, डोक्यात पाठ केलेलं इंग्रजी भाषण. आम्ही पुरुष गल्लीच्या तोंडाशी जीपची वाट बघत उभे होतो. जीपचा पत्ता नव्हता. संकेश्वरजवळ उसाच्या गाड्यांमागं ती अडकून पडली होती, हे नंतर कळलं.

तेवढ्यात मागून बायकांनी गाणं सुरू केलं. मी चिडून वळलो, म्हटलं, जीप आली नाही तर या कशाला गातायत? एस.टी. स्टँडकडून आडवाटेनं तीन माणसं येत होती. पुढं रवळू, डोक्यावर पत्र्याची ट्रंक. मागं पांढऱ्या टोपीतले सत्याप्पा. आणि त्यांच्या मागं, हिरव्या साडीत, जयाबाई.

माझं इंग्रजी भाषण त्या क्षणी जे गेलं ते आजतागायत परत आलेलं नाही. आईनं मला पाठीमागून ढकललं. "घाल की रं हार, बघत काय उभा ऱ्हायलास!" मी हार घातला. बाह्या इतक्या लांब की हारात त्याही अडकल्या आणि मी सासऱ्यांच्या गळ्यातच पडलो. त्यांना वाटलं मी मुद्दाम मिठी मारली. ते लहान मुलासारखे रडायला लागले.

"जावयबापू, माजंच चुकलं हुतं. फेटा तुमालाच आदी बांदाय पायजे हुता. पर पयलं पाऊल तुमी टाकलासा. आता माजं काय म्हननं न्हाय."

"मी? मी कधी टाकलं?"

"ह्यो बगा, मोटेपना बी घेत न्हाय," आई सगळ्यांना म्हणाली. "अनगोळकर मंडळीशी आपली सोयरीक हाय म्हून देवळात सांगितलंस का न्हाय?"

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. मी भीमाप्पांकडे बघितलं. त्यांच्याही डोक्यात पडला असावा, कारण ते बिस्किटांचा डबा छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून हसत होते. जयाबाई माझ्याकडे बघत होती. खरं सांगावं तर ती उलट पावली जाईल, न सांगावं तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी सांगेलच. मी तोंड उघडलं, आणि देवाची करणी, जीप आली.

पेनरोझ साहेब उतरले. उंच, वाकलेले, उन्हानं टोमॅटो झालेले. त्यांच्यासाठी हार उरला नव्हता. पाळकसाहेबांनी मला खूण केली, बोला. मी पुढं झालो आणि नाकातून श्वास घेतला. आठवलं ते फक्त वखारीतलं. मी त्यांना इंग्रजीत कळवलं की आपण सुस्थितीत पोचलात, पोच मिळाली, पुढील व्यवहाराची वाट बघत आहोत. साहेब मान हलवत राहिले. मग त्यांनी गळ्यात भला मोठा हार असलेल्या, रडणाऱ्या सत्याप्पांकडे बोट करून विचारलं, हे कोण?

मला सासऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना. माझ्या तोंडून निघालं, "पार्टनर."

साहेबांचा चेहरा फुलला. त्यांनी पुढं होऊन सत्याप्पांचे दोन्ही हात हातात घेतले आणि 'पार्टनर, पार्टनर' असं कितीदा तरी म्हणाले. सत्याप्पांना वाटलं, हे जावयाच्या ऑफिसातले मोठे साहेब, आपली समजूत काढायला मुद्दाम आणलेत. त्यांनी उलट नमस्कार घातला. मग दोघे म्हातारे पंगतीत शेजारी बसले, साहेबांनी आईचं मटण खाल्लं, त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहिलं, आणि सत्याप्पांनी आपल्या उपरण्यानं त्यांचं तोंड पुसलं. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. तरी ते हातवारे करून पावसाबद्दल बोलले. निदान वर आभाळाकडे बघून दोघेही माना हलवत होते. धर्मप्रांताची ओळख मला करून द्यायची होती. ती मी सोडून दुसऱ्यांनीच करून दिली. पुढं कित्येक वर्षं दर नाताळाला तिकडून एक कार्ड निपाणीला यायचं, मेंढ्यांचं चित्र असलेलं. ते माझ्या नावानं नसायचं, सत्याप्पांच्या नावानं असायचं. मी ते रवळूकडून अनगोळला पाठवायचो.

संध्याकाळी पाहुणे गेले. सत्याप्पा भीमाप्पांकडे चहाला गेले, आई भांडी घासायला परसात. घरात मी आणि जयाबाई. ट्रंक उंबऱ्याच्या आत तशीच, न उघडलेली. मी सूट काढून ठेवला होता आणि बनियनवर उभा होतो. असा माणूस फार वेळ खोटं बोलू शकत नाही.

"ते देवळातलं भाषण," मी म्हणालो, "ते अनगोळकरांबद्दल नव्हतं."

"ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"संकेश्वरपासनं. गाडी थांबलीती तितं. रवळूअण्णा म्हनला, 'वयनी, लई मोटा दिस बगा आज, विलायतेचं अँग्लिकन साब येनार हायत, तुमच्या मालकानं भासन ठोकलंय.' तवाच कळलं मला, आत्तीनी, तुमच्या आईनी, काय ऐकलं आसंल त्ये. तुमचं नाक म्हाईत न्हाय व्हय मला?"

"मग?"

"मग काय. बेळगावला जानारी गाडी समोरच उबी हुती. आप्पा झोपलेलं. त्यास्नी उटवून सांगाय पायजे हुतं, की आपल्याला कुनी बोलावल्यालं न्हाय म्हून." ती थांबली. "न्हाय उटवलं. म्हटलं, चुकून का हुईना, बोलावनं आलंय. मुद्दाम बोलवायचं ह्या मानसाला जल्मात जमायचं न्हाय."

मनात इतकं दाटून आलं होतं की त्याला मराठी, कानडी, इंग्रजी कुठलीच भाषा पुरेना. मी ट्रंकेकडे बघत राहिलो.

जयाबाई उठली. पदर सावरला, चपला पायात घातल्या आणि उंबरा ओलांडून बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली. तोंड माझ्याकडे, गल्लीकडे पाठ. समोरच्या ओट्यावर मालुबाई आणि दोघीतिघी बसल्या होत्या. त्या बघायला लागल्या.

"आता मुद्दाम बोलवा," ती म्हणाली.

गल्ली ऐकत होती. मी बनियनवर होतो. माझ्या जिभेवर 'कम इन' आलं होतं, खोटं कशाला बोलू. ते मी गिळलं.

"जया," मी म्हणालो, "घरात ये."

तिनं चपला पायरीवर काढल्या आणि ती आत आली.